एक एकर चोवीस गुंठे

आमच्याकडे पाणी शोधायला नारळ लागतो. पाणाड्या तळहातावर आडवा नारळ धरून रानातून फिरतो, एका जागी तो नारळ उभा राहतो, मग आपण बोअरची गाडी बोलावतो आणि सहाशे फुटांवरचा धुरळा अंगावर घेऊन घरी येतो. माझ्या सव्वादोन एकरांत असे तीन नारळ उभे राहिले. पहिल्या बोअरच्या केसिंगला म्हैस बांधतो, दुसऱ्यावर दगड ठेवलाय. तिसऱ्याला पाणी लागावं म्हणून मी संकष्ट्या धरल्या. पाणी काही लागलं नाही, संकष्ट्या तेवढ्या मागे लागल्या.

तर असा मी, धाराशिव जिल्ह्यातला, गणिताचा सेवानिवृत्त मास्तर, डिसेंबरात बायको, साडू आणि मेव्हणीबरोबर मालवणजवळच्या देवबागला गेलो. सोलापूर, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. फोंडा घाट उतरेपर्यंत मी गाडीत सगळ्यांना बजावत होतो की समुद्र आपल्याला परका नाही. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचं नाव आहे, तगरचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून जहाजात चढायचा. साडू म्हणाला, “माल जायचा ना? मास्तर नाही ना जायचे?” साडवाला इतिहासाची आवड नाही.

देवबाग बघितलं आणि माझ्यातला शेतकरी आधी चक्रावला. तारकर्लीपासून दक्षिणेला निघालेली ही वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी. नदी सह्याद्रीतून समुद्राला भेटायला येते आणि अगदी दाराशी आल्यावर ही पट्टी आडवी पडलेली बघून मुकाट दक्षिणेला वळते. मग पट्टीच्या कडेकडेने चालत पार टोकाला, भोगव्याच्या समोर, समुद्रात शिरते. गाव वसलंय ते या दोन पाण्यांच्या मध्ये. काही ठिकाणी पुढच्या दारातून समुद्र आणि मागच्या दारातून नदी दिसते. आमच्याकडे एवढ्या रुंदीच्या पट्टीवरून सख्ख्या भावांची कोर्टात तारीख पडते.

आमचे यजमान म्हणजे एक आबा आणि काकी. पूर्वी घर मासेमारीवर चालायचं, आता दोन खोल्या पर्यटकांना देतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि हळूहळू या पट्टीवर जाळ्यांच्या शेजारी गाद्या वाळायला लागल्या. काकींनी विचारलं, “खंयसून इलात?” धाराशिव म्हटल्यावर त्यांना उमगेना. तुळजापूर म्हटल्याबरोबर चेहरा खुलला. “अगो बाय, भवानीच्या दारातली माणसां इली!”

परसात विहीर होती. वाकून बघितलं तर आठ-दहा फुटांवर पाणी. ओंजळ तोंडाला लावली, चक्क गोड! एका बाजूला हाकेवर समुद्र, दुसऱ्या बाजूला भरतीला खारी होणारी नदी आणि मध्ये हे. तीन बोअर वाया घालवलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी आबांना सल्ला दिला, “एवढ्यावर का थांबलात? दोनशे फूट बोअर मारा, मोटर टाका, बारमाही होईल.”

आबांनी विडी विझवली. “मास्तरानू, बोअर मारल्यार मिठागर सुरू करूचा लागतला.”

मग त्यांनी समजावलं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून दुधावर साय धरावी तसं त्याच्यावर तरंगत राहतं. विहीर फक्त सायीपर्यंत खणायची. हावरटासारखं खाली गेलात किंवा मोटर लावून ओढत बसलात की खालचं खारं वर येतं आणि विहीर गेलीच. सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. आमच्याकडे साडेसातशेच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. तरी पाणी उपसण्याचा संयम त्यांना, आणि सहाशे फुटांची हौस आम्हाला. आदल्याच दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यात समुद्राच्या मधोमध दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर बघून मी महाराजांच्या नावाने दोनदा हात जोडले होते. पण तो किल्ला अठ्ठेचाळीस एकरांचा, म्हणजे माझ्या रानाच्या एकवीस पट, हा हिशेब करण्याच्या नादात पाणी तिथे आलं कसं हे विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. पहाटे किनाऱ्यावर रापण लागली. होडीने अर्धवर्तुळ घेत लांबलचक जाळं समुद्रात सोडलेलं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं दोर ओढत मागे मागे सरकताहेत. मला बैलाचा कासरा ओढायची सवय, म्हणून मी न विचारता शिरलो. बैल निदान कधीतरी वळून बघतो; समुद्र बघत नाही. दहा मिनिटांत तळहात सोलवटले. तेवढ्यात एक लाट परत जाताना माझ्या टाचेखालची वाळू घेऊन गेली आणि मी बसल्या जागी बसलो. दोर मात्र सोडला नाही. त्यामुळे बसल्याबसल्याच चार हात घसरत पुढे गेलो आणि माझ्या मागच्याला वाटलं, जाळ्यात काहीतरी मोठं लागलंय.

जाळं वर आलं तेव्हा वाळूवर चांदी सांडली. तारल्या, पेडवे, मध्येच एखादा खेकडा तिरका पळणारा. वाटे पडले. हात लावणाऱ्याला रिकामं पाठवायचं नाही, ही तिथली रीत. तांडेलाने माझ्या हातात दोन टपोरे बांगडे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राची मजुरी मिळाली आणि तीही नेमकी उपासाच्या दिवशी. बायको म्हणाली, “अहो, ते हातात घेऊन असे उभे राहू नका. गणपती बघतोय.” काकींनी बांगडे बर्फात ठेवले.

नऊच्या सुमारास आम्ही होडीतून ‘त्सुनामी आयलंड’ला गेलो. नदी समुद्राला मिळते तिथला हा वाळूचा उंचवटा. २००४च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सगळे सांगतात, म्हणून हे नाव. होडीवाला म्हणाला, “बाराक येतंय. अलीकडच्या टोकाक रवा, लांब जाव नको.” बाकीचे थांबले. मी जिल्ह्याचा प्रतिनिधी असल्यासारखा लांब गेलो.

मोकळी जमीन दिसली की मला मोजल्याशिवाय राहवत नाही. चपला आणि पिशवी मधोमध ठेवली आणि पावलं टाकली. लांबी एकशेसाठ पावलं, रुंदी सत्तर. माझं पाऊल अडीच फुटांचं. गुंठा एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा. एक एकर चोवीस गुंठे. मालकाचा पत्ता नाही, बांध नाही, शेजारी भांडखोर नाही. गावी धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि प्लॉट दाखवला. तो म्हणाला, “दादा, रस्ता लागून आहे का?” मी म्हणालो, “चहूबाजूंनी पाणी आहे.” तो गहिवरून गप्प झाला. आमच्याकडे एवढं ऐकल्यावर माणूस रस्त्याचं विचारत नाही.

अकराच्या सुमारास त्याला पक्का आकडा कळवावा म्हणून पुन्हा मोजलं. एकशेवीस बाय पंचेचाळीस. एकतीस गुंठे! इथे कुठल्याही शहाण्या माणसाने पाण्याकडे बघितलं असतं. मी एकतीस वर्षं गणित शिकवलंय. मी माझ्या पावलांकडे बघितलं. वाटलं, उन्हाने आणि उपासाने पाऊल लांब पडतंय. भावाला सांगितलं, मापात घोळ आहे, थांब जरा. बाराला तिसऱ्यांदा मोजायला घेतलं आणि साठ बाय वीसवर जमीन संपली. सात गुंठे. चपला ठेवल्या होत्या तिथे पाणी होतं. पिशवी काठाशी डुलत होती, ती धावत जाऊन धरली. माझ्या आणि अलीकडच्या टोकाच्या मध्ये एक खोलगट भाग होता, येताना कोरडा. आता तिथून हिरवं पाणी पळत होतं, नदीच्या दिशेने उलटं.

लाइफ जॅकेट अंगात होतं, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला आधी पाण्याशी ओळख असावी लागते. मी पाण्यात दोन पावलं टाकली, तिसऱ्याला तोल गेला आणि आडवा झालो. मग दोन्ही हातांनी पिशवी कवटाळून, डोळे मिटून, जो आवाज काढला तो भोगव्यापर्यंत गेला असणार. “आगं आई भवानी! बुडालो! लई पानी हाय!” पाण्याबद्दलची ही तक्रार माझ्या घराण्यात आजवर कुणी केलेली नाही.

पलीकडे होडी आलेली होती. होडीवाला हात हलवून ओरडत होता. बऱ्याच वेळाने शब्द कानात शिरले.

“मास्तरानू, उभे रवा! गुडघ्याएवढा पाणी असा!”

उभा राहिलो. होतं तेवढंच. साडवाने मी आडवा असतानाचा व्हिडिओ काढला होता. आम्ही मालवण सोडायच्या आत तो धाराशिवला पोहोचला.

संध्याकाळी ओसरीवर चंद्राची वाट बघत बसलो. भिंतीवर ‘कालनिर्णय’ होतं. चंद्रोदय किती वाजता ते बघायला उठलो तर आबा म्हणाले, “ह्या काढणारे साळगावकर आमच्या मालवणचेच.” १९७३पासून निघणारी ही दिनदर्शिका आमच्या घरातही खिळ्याला असते, आम्ही तिच्यात उपास, सुट्ट्या आणि दुधाचा रतीब बघतो. आबा तिच्यात समुद्र बघतात.

“आज तिथ काय?”

“चतुर्थी.”

“चार पाऊण तीन. तीनाक भरती. म्हणजे नवाक सुकती. तुमी सुकतीक मोजलास आणि भरतीत सातबारो करूक गेलास.”

तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. पाऊणकी! ती मी लहानपणी छड्या खाऊन पाठ केली होती. कशाला, ते मारणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आणि ज्या चंद्रासाठी मी पोटात वरीचा एक दाणा घेऊन बसलो होतो, त्यानेच दुपारी माझी दीड एकर जमीन ओढून नेली होती.

आबा मग कंदील घेऊन समुद्राच्या बाजूला गेले. धूप थांबवायला घातलेल्या दगडी बांधावर आम्ही उभे राहिलो. पाण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, तिथे माडांच्या दोन रांगा होत्या, त्यांच्या वडिलांनी लावलेल्या. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा समुद्र इथपर्यंत चढला होता. “सातबाऱ्यार जागा असा. जाग्यार समुद्र असा.” किती गुंठे, हे मी विचारलं नाही. इतक्या दिवसांत मी न मोजलेली ती पहिली जमीन.

नऊच्या आसपास चंद्र नदीच्या बाजूने माडांतून वर आला. उपास वरणभातावर सोडला. बांगडे पंचमीला सकाळी तव्यावर पडले. तिरफळाची चटणी जिभेवर थरथरत होती तेवढ्यात काकी नदीकाठावरून एक चप्पल घेऊन आल्या. भरतीने आत आणून टाकलेली, उजव्या पायाची, नऊ नंबर, माझीच.

डावी अजून आलेली नाही. चतुर्थीच्या तीनच्या भरतीला गेलेली आहे. भोगव्याच्या बाजूला कुणाला सापडली तर ठेवून घ्यावी, मी ओहोटी बघून येईन.