दोन एचपीची सायकल

घरी बांधलेली जोरदार विजेची माउंटन सायकल म्हणजे जाड टायरची, गिअरवाली, पुढच्या चिमट्यात शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल. तिच्या मागच्या चाकात हजार ते दोन हजार वॉटची मोटर, फ्रेमच्या त्रिकोणात बॅटरी आणि दोघांच्या मध्ये कंट्रोलर नावाचा एक ॲल्युमिनियमचा डबा. एवढे जमले की सायकल झाली, असे बांधणाऱ्याचे मत असते. ती बांधण्याचे कारण मात्र बाजारात मिळत नाही आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीत ते बरेच शोधावे लागते. बीबी हे लोणार तालुक्यातले, सुलतानपूरकडून दुसरबीड-सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे गाव. जिल्ह्याच्या बोलीत 'घाटावरचे'. माउंटन सायकलीला लागणारा माउंटन घाट चढून येतानाच संपलेला असतो. पुढे राहते ती सोयाबीन, तूर आणि कपाशीची चढउताराची रानं.

शक्तीचे माप या भागात वॉट नाही, एचपी आहे, कारण शक्तीचा संबंध विहिरीशी येतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. म्हणून १५०० वॉटची मोटर म्हणजे दोन एचपी, हा हिशेब घरातले वडीलधारे मनातल्या मनात करतात आणि पुढचा संवाद बहुतेक घरांत सारखाच होतो.

"किती एचपीची हाये?"

"दोन, आबा."

"मंग इहिरीवर बसव. सायकलीले कायले लागते दोन एचपी?"

प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. धडधाकट माणूस तासभर पॅडल मारतो तेव्हा साधारण ७५ ते १०० वॉट शक्ती देतो. म्हणजे दोन एचपीच्या सायकलीवर एक जण बसलेला असतो आणि पंधरा-वीस जण त्याच्यासाठी पॅडल मारत असतात. त्यांच्या जेवणाची सोय बॅटरीतून करावी लागते आणि पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांनी ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट घेतले. ती १० व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरपर्यंत प्रवाह ओढेल, असे त्यात म्हटले होते. गुणाकार केला तर हजार वॉट होतात. म्हणजे गरजेपेक्षा जास्त शक्ती लावण्याची हौस या शोधाला जन्मापासून आहे. ती हल्लीच्या पोरांची थेरं नव्हेत. माउंटन सायकलीचा इतिहास याहून अलीकडचा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातले काही तरुण जुन्या दणकट सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने खाली सोडत. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक एवढा तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्यांच्या या शर्यतीचे नावच ग्रीस नव्याने भरण्यावरून पडले. मोटर नसतानाची ही अवस्था होती, हे ब्रेकच्या प्रकरणात उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात पॅडल आणि यंत्र यांचा संसार १९७२ साली किनेटिकच्या लुनाने लावून दिला. लुनाला पॅडल होते. ते मारून गाडी चालू करायची, आणि पेट्रोल संपले की तेच मारत घरी यायचे, निदान तत्त्वतः. ज्यांनी भरलेली लुना पॅडलवर आणली आहे ते त्या आठवणीवर फारसे बोलत नाहीत.

बांधकामाची सुरुवात फ्रेमपासून होते. घरात मानव विकास कार्यक्रमातून बहिणीला शाळेसाठी मिळालेली सायकल असेल तर पहिली नजर तिच्यावर जाते. तिची फ्रेम पोलादी असते, हा मोठा गुण. पण वरचा दांडा खाली झुकलेला असल्याने बॅटरी बसायला जागा नसते आणि बहीण घरात असते. त्यामुळे शेवटी जुनी गिअरवाली सायकल विकत आणली जाते. तिच्यावर 'डबल सस्पेन्शन' असे लिहिलेले असले तरी स्प्रिंगा गंजून एकजीव झालेल्या असतात. ही शक्यता धरूनच भाव करावा.

मोटर चाकाच्या मध्यावर बसते. तिचा आस स्थिर राहतो आणि भोवतीचे चाक फिरते. पण क्रियेइतकीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम बीबीतही लागू असल्याने चाक जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढ्याच जोराने आस उलटा फिरू पाहतो. त्याला अडवते ती फ्रेमच्या टोकाची एक उघडी खाच. ती खाच चाकाचे नुसते वजन पेलायला केलेली असते. आसाच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात आणि त्यांतले अंतर १० मिलिमीटर. मोटरने ६० न्यूटन-मीटरचा पीळ दिला तर त्या दोन चपट्या बाजूंवर प्रत्येकी जवळपास ६०० किलोचा रेटा येतो. सहा क्विंटल. सोयाबीनची पोती डोळ्यांसमोर आणली की त्या खाचेची कीव येते. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर खाच एक दिवस फाकते, आस गर्रकन फिरतो, त्यातून बाहेर येणाऱ्या तारांना पीळ बसून त्या तुटतात आणि चाक निघून बाजूला पडते. हे सगळे घडायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो.

उपाय म्हणजे आसाला घट्ट धरणारी आणि फ्रेमच्या दांड्याला बांधलेली पोलादी पट्टी. ती विकत मिळते, पण मागवलेली येईपर्यंत धीर धरणारा माणूस असल्या सायकली बांधत नाही. तो घरातला दहा नंबरचा पाना उचलतो. पान्याचे तोंड बरोबर १० मिलिमीटरचे, धातू कडक, किंमत शून्य. वेल्डिंगच्या दुकानात कटर फिरतो, पान्याचे दोन तुकडे होतात, ठिणग्या उडतात आणि काम पक्के होते. इतके पक्के की पुढे कल्टिव्हेटरचा किंवा फवारणी पंपाचा दहा नंबरचा नट सैल झाला की सारे घर पाना शोधत फिरते, आणि तो डोळ्यांदेखत चाकाला चिकटलेला असतो. या पान्यावरून घरात होणारे बोलणे मोटरच्या किमतीवरून होणाऱ्या बोलण्यापेक्षा लांबते. मोटरची किंमत वडिलांना खरी सांगितलेली नसते. पान्याची त्यांना माहीत असते.

मोटर आणि कंट्रोलर यांची जोडणी हा स्वतंत्र विषय आहे. मोटरमधून तीन जाड तारा येतात: पिवळी, हिरवी आणि निळी. त्यांच्यासोबत त्याच रंगांच्या तीन बारीक तारा येतात, त्या चाकाची स्थिती सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या. कंट्रोलरच्याही तशाच सहा. रंगाला रंग जोडला की काम झाले, असे वाटते. पण मोटर एका कारखान्यातली आणि कंट्रोलर दुसऱ्यातला असला की रंगांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. जाड तारांच्या सहा क्रमांना बारीक तारांच्या सहा क्रमांनी गुणले की ३६ जुळण्या होतात. पत्रिकेतही गुण ३६ असतात, पण तिथे अठरा जुळले तरी मांडव पडतो. इथे सहाच जुळण्यांवर मोटर सुरळीत फिरते आणि त्यांतल्याही तीन सायकल मागे नेतात. उरलेल्या तिसांत ती थरथरते, गुरगुरते किंवा जागची हलत नाही. ही चाचणी चाक जमिनीवरून उचलून आणि ॲक्सिलेटर अगदी थोडा देऊन करायची असते. अंगणात सायकल उलटी ठेवून ती चालते तेव्हा भोवती जमलेली मंडळी तारांचे रंग सुचवत राहतात.

बॅटरी हा या सायकलीचा खरा खर्च आणि खरा धोका. अठ्ठेचाळीस व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे तेरा सेलची माळ. १८६५० नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. प्रत्येकाचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, म्हणून भरलेली माळ ५४.६ व्होल्ट दाखवते. अशा चार माळा शेजारी जोडल्या की ५२ सेलची, साधारण १० अँपिअर-तासाची बॅटरी होते. तिच्यात ४८० वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे जेमतेम अर्धे युनिट. दोन एचपीची मोटर पूर्ण जोरात चालवली तर हा साठा एकोणीस मिनिटांत संपतो. विसाव्या मिनिटाला माणूस बीबीच्या बाहेर कुठे तरी उभा असतो, हाताखाली तीस-पस्तीस किलोची सायकल असते आणि पंधरा-वीस जणांचे काम एकट्याला करायचे असते.

यावर स्वस्तातला उपाय म्हणून मोडीतल्या लॅपटॉपचे सेल काढून वापरण्याची पद्धत आहे. दीड हजार वॉटला ३१ अँपिअर लागतात. चार माळांत वाटले तर प्रत्येक सेलवर जवळपास आठ अँपिअर येतात. लॅपटॉपचा सेल इतक्या प्रवाहासाठी केलेला नसतो. तो तापतो आणि तापलेला लिथियम सेल शेजारच्यालाही तापवतो. सेल जोडताना सोल्डरिंग गन टेकवली तरी आतले पापुद्रे उष्णतेने बिघडतात, म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावायची असते. पट्टी निकेलची म्हणून विकली जाते, आत मात्र पुष्कळदा लोखंड असते. तिचे टोक ग्राइंडरला लावून पाहावे: भरपूर ठिणग्या उडाल्या तर लोखंड. लोखंडातून प्रवाह जाताना अडतो आणि अडलेल्या प्रवाहाची उष्णता होते. प्रत्येक सेलच्या दाबावर लक्ष ठेवणारे बीएमएस नावाचे एक सर्किट असते. ते दिसत नाही, आवाज करत नाही, पानटपरीवर त्याबद्दल कोणी विचारत नाही. त्यामुळे पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते. खिशाला परवडत नसेल तर बॅटरीच लहान घ्यावी, बीएमएस सोडू नये.

बॅटरी पहिल्यांदा कंट्रोलरला जोडताना 'चट्' आवाज होऊन ठिणगी पडते. कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एका दमात भरतात म्हणून हे होते, बिघाड नव्हे. पण त्या क्षणी घरातली सारी वडीलधारी मंडळी जे हवे ते बोलून घेतात.

ब्रेकला बांधणाऱ्यांच्या लेखी सर्वांत खालचे स्थान असते, कारण ब्रेकने वेग वाढत नाही. साधी सायकल ताशी १५ किलोमीटरने जाते. ही ४५ ने जाते. वेग तिप्पट झाला की थांबवायची ऊर्जा नऊपट होते, हे नववीच्या विज्ञानात शिकवलेले असते. रिमला घासणारे रबराचे गुटके या नऊपटीपुढे वास सोडतात आणि गप्प बसतात. पुढे-मागे डिस्क ब्रेक हवेत आणि ब्रेकचा दांडा दाबताक्षणी मोटर बंद करणारा स्विचही हवा. तो नसेल तर एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्याने ॲक्सिलेटर अशी ओढाताण होते, आणि गडबडीत माणूस जे घट्ट धरतो ते बहुधा ॲक्सिलेटर असते.

सायकल चालवायची कुठे, हा भूगोलाचा प्रश्न. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. लोणारचे सरोवर हा उल्कापाताने झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, साधारण दीडशे मीटर खोलीचा खड्डा आहे, म्हणजे एक उलटा डोंगरच: आधी उतार, मग चढ. माउंटन सायकलवाल्याला तो खुणावणारच. तो अभयारण्य असल्याने आत सायकल नेण्याचा विचारही करू नये. हिशेब मात्र उद्बोधक आहे. माणूस आणि सायकल मिळून ११० किलो वजन दीडशे मीटर वर उचलायला निव्वळ ४५ वॉट-तास पुरतात, बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. चढ बॅटरी खात नाही. खातो तो वेग, कारण सपाट रस्त्यावर वेगाबरोबर वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो. तीच सायकल पॅडल मारत २५ च्या वेगाने चालवली तर साधारण चाळीस किलोमीटर जाते, नुसत्या ॲक्सिलेटरवर भरधाव नेली तर त्याच्या निम्मेच.

उरला पांदण रस्ता. आठ महिने तो या सायकलीसाठीच केल्यासारखा असतो, बाभळीचे काटे सोडले तर. मोटर बसवलेले मागचे चाक पंक्चर झाले की तारा सोडा, पट्टी सोडा, जाड नट सोडा, आणि नट सोडायला पाना नाही. पावसाळ्यात काळी माती टायरला असे थर चढवते की चाक फ्रेममध्ये अडकून बसते. तिथे दोन एचपीही हरतात. बैलजोडी शेजारून निघून जाते आणि गाडीवान विचारपूस करतो, ती टाळता येत नाही.

कायद्याची बाजू सरळ आहे. विजेची सायकल २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी असेल तर ती मोटार वाहन ठरत नाही. परवाना नको, नोंदणी नको. त्यापुढे गेली की ती मोटारसायकल. मग नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट सगळे आले, आणि अंगणात बांधलेल्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र नसल्याने 'एमएच २८' ची पाटी काही मिळत नाही. पाटीच्या जागी मडगार्डवर 'जय जिजाऊ' लिहिण्याची प्रथा आहे. परिवहन खात्यात ती नोंदणी म्हणून धरत नाहीत. ठरलेल्या मर्यादेबाहेर बदल केलेल्या ई-बाइकवर राज्यात २०२२ साली कारवाईची मोहीमही निघाली होती. दोन एचपीची सायकल बिनघोर चालवायची तर ती स्वतःच्या सातबाऱ्यावर, आणि भावांत वाटण्या झालेल्या सातबाऱ्यावर ४५ चा वेग गाठेपर्यंत बांध येतो.

ज्याला खरोखर एवढ्या जोराची गरज आहे त्याच्यासाठी विजेवरची लुना २०२४ पासून नंबरप्लेटसकट दुकानात मिळते. ज्याला बांधायचीच आहे त्याने २५० वॉटची बांधावी, डिस्क ब्रेक मोटरच्या आधी विकत घ्यावेत, पान्याऐवजी पट्टीच मागवावी आणि बॅटरी रात्री सगळे झोपलेले असताना, बाहेर पडायच्या एकुलत्या एका दारापाशी चार्जिंगला लावू नये.