ट्रेलरकर

पोर्टलंडहून ओरेगनचा समुद्र गाडीनं दीड तासावर आहे. ट्रेलरकराला तिथे पोचायला अर्धा दिवस लागतो आणि तयारीला सहा महिने. सरकारी उद्यानांतल्या जागांचं आरक्षण तेवढं आधी उघडतं. जुलैतला शनिवार हवा असेल तर जानेवारीच्या काळोखात उठून बसावं लागतं. पोराच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी घोरत पडलेला हा गृहस्थ यासाठी दोन लॅपटॉप आणि बायकोचा फोन घेऊन मोर्चा बांधतो.

वय पन्नाशीच्या पुढे. संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत जन्म गेलेला. मुलं कॉलेजात, घराचं कर्ज फिटलेलं. दरमहा हप्ता जायची इतकी सवय झालेली असते की तो थांबल्यावर चुकल्याचुकल्यासारखं होतं. म्हणून तो चाकांवरचं दुसरं घर घेतो.

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास तयार होतात. याचाही तिथलाच आहे, चोवीस फुटी पांढरा डबा. मनातून त्याला हवा असतो एअरस्ट्रीम, वॉली बायमनं १९३० च्या दशकात बाजारात आणलेला, चकचकीत अॅल्युमिनियमचा. तो परवडत नाही, म्हणून त्याचा इतिहास तो पाठ करतो. "अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परत आले, तेव्हा त्यांना कशात ठेवलं होतं, माहितीय?" तुम्ही 'हो' म्हणालात तरी तो सांगतोच. एअरस्ट्रीममध्ये फेरफार करून केलेल्या बंद खोलीत! निक्सनसाहेब खिडकीबाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलले! चंद्र पाहून आलेल्यांनाही शेवटी ट्रेलरमध्येच राहावं लागलं, यात त्याला स्वतःच्या खरेदीचं समर्थन सापडलेलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी वजनं होतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा लागतो. मागचा भार वाढला की महामार्गावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि पुढची गाडीही हलवतो. यातलं भौतिकशास्त्र बिनचूक आहे. फक्त भार म्हणजे कुकर, पोळपाट, इडलीपात्र आणि बिडाचा तवा, आणि ते सगळं बायकोचं.

"हा तवा कशाला?"

"मग पोळ्या बॉनेटवर भाजू?"

तवा न्हाणीघरातल्या काट्यावर चढतो, उतरतो, पुढच्या कपाटात जातो. अवजारांच्या पेटीचं वजन मात्र कोणी करत नाही. तिला हात लावायचीही कुणाची टाप नसते.

सकाळी जोडणी. गोळ्यावर दांडा बसतो. खाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवतात, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. मग दिव्यांची परीक्षा. पाहुणा असलात तर तुम्हाला मागे उभं केलं जातं. "डावा!" "लागला." "उजवा!" "लागला." "ब्रेक!" "लागला." "नक्की?" त्याला स्वतःचाही भरवसा नसतो, तर तुमचा काय असणार?

रस्त्याचं फार सांगण्यासारखं नाही. झाडीतून घाट चढतो, उतरतो, आणि मागे गाड्यांची रांग वाढत जाते. कॅलिफोर्नियात दुपदरी रस्त्यावर मागे पाच गाड्या साचल्या की सावकाश जाणाऱ्यानं बाजूला होऊन वाट द्यावी, असा कायदा आहे. ट्रेलरकर तो ओरेगनमध्येही स्वतःला लावून घेतो. फक्त मोजताना मोटारसायकली धरत नाही.

खरा प्रवास सुरू होतो मुक्कामी पोचल्यावर. कोलंबिया नदीच्या मुखाशी फोर्ट स्टीव्हन्स नावाचा जुना लष्करी तळ आहे, आता तिथे मोठं उद्यान आहे. जून १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं या तळावर तोफा डागल्या, तेव्हा फारसं काही बिघडलं नाही. ट्रेलरकर पहिल्याच फेरीत नळाचा खांब वाकवतो.

ट्रेलर मागे घेताना चाक उलटं फिरवावं लागतं. शेपूट डावीकडे हवी तर सुकाणू उजवीकडे. हे त्यानं शंभर व्हिडिओंत पाहिलेलं असतं. पाहिलेलं नसतं ते प्रेक्षक. आजूबाजूच्या ट्रेलरांतून माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतात. संध्याकाळची ही करमणूक फुकट असते. मागे बायको उभी. ती साताऱ्याची, लहानपण एसटी स्टँडसमोर गेलेलं. तिच्या तोंडून आपोआप निघतं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावीकडं घे!"

"तुझं डावं की माझं?"

"अरे, ट्रेलरचं!"

"ट्रेलरला डावं-उजवं नसतं!"

तिसऱ्या फेरीला शेजारचे अमेरिकन आजोबा कॉफीचा पेला बाजूला ठेवून उठतात, खिडकीशी येतात आणि म्हणतात, हात चाकाच्या तळाशी धर. शेपूट जिकडे हवी तिकडे हात ने. ट्रेलर मुकाट्यानं आत जातो. टाळ्या पडतात. ट्रेलरकर त्या स्वतःच्या नावावर जमा करून घेतो.

मग चाकांखाली ठोकळे सरकवायचे. फ्रिजवर पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी ठेवायची. बुडबुडा मधे येईपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही. त्याचा गॅसवर चालणारा फ्रिज तिरका उभा राहिला तर बिघडतो, हे खरं. पण बुडबुडा मधे आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते फ्रिजसाठी नसतं.

यानंतर टाक्यांवर प्रवचन. भांडी-आंघोळीची करडी टाकी, संडासाची काळी. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे तिच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. पुण्याच्या वाड्यात मागच्या बोळातून मैला उचलायला येणाऱ्या माणसाचं नाव याच्या आजोबांनी कधी विचारलं नसेल. नातू त्याच कामासाठी सहाशे डॉलरची सामग्री बाळगतो, निळे हातमोजे चढवतो आणि जेवायच्या आधी पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवतो. या एका बाबतीत ट्रेलर मला फार पुरोगामी वाहन वाटतं.

समुद्र दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. आम्ही जाऊन आलो. १९०६ मध्ये वाळूत रुतलेल्या पीटर आयरडेल जहाजाचा गंजलेला सांगाडा पाहून आलो. बायकोनं शिंपले वेचले. ट्रेलरकर तोवर आजोबांशी विजेचा दाब या विषयावर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर बायकोनं हाताला धरूनच नेलं. तो वाळूत उभा राहिला. समोर पॅसिफिक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बराच वेळ तो क्षितिजाकडे एक डोळा मिटून बघत राहिला.

"एकदम लेव्हलमध्ये आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, तिची ओढणी उडाली, आणि याचा चेहरा पडला. दाराबाहेरची कनात उघडीच राहिली होती.

"तुम्ही बसा निवांत!" असं ओरडत तो पळाला. बायको मघाच बसली होती.