शंभरात पंचवीस

कर्जत-खालापूरकडे लढाई पेटते ती रात्री जेवायच्या वेळेला. पानं वाढलेली, भात निवत चाललेला, आणि चिरंजीव आतून ओरडतात, ‘आई, शेवटचा झोन आहे!’ ऑनलाइन डाव मध्येच थांबवता येत नाही हे आईला पटत नाही, आणि भात दुसऱ्यांदा गरम करायला गॅस जळतो हे त्याला. मग बापाचा ठरलेला तोफगोळा सुटतो : ‘एवढी खुमखुमी असेल तर भरती हो की सैन्यात!’ सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा बापांना वाटलं, सुटलो. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नावात ‘इंडिया’ घालून परत आला. देशभक्तीचा शिक्का बसल्यावर बाप तरी काय बोलणार?

पण बापाचा सल्ला जरा तपासून पाहू. खेळात शंभर जण पॅराशूटने उतरतात आणि एकटा उरतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस कायम होतात. म्हणजे गणित सैन्याच्याच बाजूचं. फरक एवढाच, की खेळात मेलेला पुढच्या मिनिटाला नवा डाव मांडतो. सैन्यातले उरलेले पंचाहत्तर जण सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन ऐन पंचविशीत घरी येतात. त्या चार वर्षांत वर्षाला तीस दिवस रजा, आणि लग्न करायचं नाही. आता हाच बाप मुलीसाठी स्थळ बघायला बसू द्या. २६ जानेवारीला स्टेटसवर जवानाला कडक सलाम ठोकणारा हा गृहस्थ पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत विचारतो, ‘पर्मनंट आहे ना?’ लेकीचं भलं बघणं हा काय देशद्रोह झाला? मुळीच नाही, प्रश्न अगदी रास्त आहे. मग मुलाला भरतीला पिटाळताना तो का सुचत नाही? शेजाऱ्याच्या पोराने सीमेवर उभं राहावं आणि आपण टाळ्या वाजवाव्या, हाही बसल्याजागी खेळायचाच खेळ. त्यात नेट पॅकसुद्धा लागत नाही.

कोणी म्हणेल, गेमचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तसं मान्य केलंय. खरंच आहे, पण साधारण वर्षभर सगळं जगणं विस्कटलं तर. एका निवलेल्या भाताला ते निदान लागू होत नाही. उलट गेमवाले म्हणतील, यातून युद्धाची जाण येते. त्यांनी खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत जाऊन यावं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी तिथे मावळे झाडीत दडून मुघल सरदार कारतलबखानाची वाट बघत बसले होते. गेममध्ये असं दडून बसणाऱ्याला ‘कॅम्पर’ म्हणून शिव्या बसतात. शिवाय शिवाजी महाराजांनी कोंडलेल्या खानाला खंडणी घेऊन सोडून दिलं. ते बटण खेळात आहे कुठे?

तेव्हा गेमच्या कंपनीने पुढच्या अपडेटमध्ये रजेचा अर्ज, तो नामंजूर होणं आणि मुलीकडच्यांची बैठक एवढं घालावं. ‘चार वर्षांनंतर काय?’ या प्रश्नाला जो टिकेल त्याला गेममधल्या विजेत्याचं चिकन डिनर. बाकीच्यांनी गार वरणभात खावा.