श्री. खारे वारे यांस अनावृत पत्र

श्री. खारे वारे,
मुक्काम अरबी समुद्र.

सा. न. वि. वि.

काल मागच्या दाराची कडी हातात आली. दारावर तिचा तपकिरी ठसा तेवढा उरला. सही ओळखीची असल्याने चौकशी केली नाही.

भूगोलाच्या पुस्तकात आपली कीर्ती मोठी. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून आपण समुद्रावरून येता; रात्री ती लवकर निवते, मग मतलई वारे समुद्राकडे जातात. परीक्षेत हे मी आकृतीसह लिहिलं होतं. आकृतीत एक बाण मात्र राहिला, मिठाचा. दुपारी आपण ते भरभरून आणता आणि रात्री मतलई हात हलवत परत जातात!

बरं, ते मीठ आमटीच्या तरी कामी यावं? ते बसतं खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, स्कूटरच्या सायलेन्सरवर. बसल्या जागी हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंडाला ओलं ठेवतं. पावसाचा थेंब नसला तरी गंजाला सुट्टी नाही. बरणीतल्या विकतच्या मिठाला आपल्याच कृपेने पाझर फुटतो. त्यात तांदूळ टाकले, तेही भिजून बसले. फणसाचा पापड ताटात येईस्तोवर मान टाकतो.

पुण्याचे पाहुणे पडवीत उभे राहून छाती भरून श्वास घेतात, "काय हवा आहे हो तुमची!" म्हणतात आणि चौथ्या दिवशी निघतात. त्यांच्या गाडीला आपण बोटही लावत नाही. (पाहुण्यांशी कसं वागावं, हे आपल्याकडून शिकावं.)

महाराजांनी मात्र आपल्याला वेळीच ओळखलं. 1664 साली समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तेव्हा पायात शिसं ओतलं. आम्ही शहाण्यांनी स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या घातल्या. आता छताचे पोपडे थेट ताटात पडतात.

आईकडे गाऱ्हाणं घालावं, तर ती आपलीच बाजू घेते. "वारो नाय तर बांगडे सुकतले कसे?" म्हणते. त्यावर मला बोलता येत नाही, कारण तोंडात बांगडाच असतो.

इथवरचं पत्र परवाच लिहून टाचणी लावून ठेवलं होतं. आज पाहतो, तर टाचणीभोवती तांबडं वर्तुळ. म्हणजे आपण वाचायला घेतलेलं दिसतंय. उरलेलं पडवीतल्या बाकावर ठेवतो. दुपारी येणार आहातच.

आपला,
कडी नसलेल्या दाराआडून,
एक मालवणकर