डोंगल लावा, दम धरा

गुजरातेतल्या हजीऱ्यात जे आहे ते अवाढव्य आहे. इथला नैसर्गिक वायू नळातून मध्य प्रदेशातल्या विजयपूरला आणि तिथून थेट उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरला पोचतो. द्रवरूप वायू घेऊन जहाजं येतात, पोलादाचे कारखाने रात्रंदिवस धगधगतात. २०२० पासून तर ट्रकच्या ट्रक फेरीबोटीत चढून घोघ्याला जातात आणि रस्त्याचं पावणेचारशे किलोमीटरचं अंतर समुद्रावरून नव्वदवर येतं. अशा या महापराक्रमी गावातून आमच्या ओळखीच्या एका जळगावकर वेल्डिंग इन्स्पेक्टरचा, अण्णांचा, दोन पानी अहवाल मुंबईच्या ऑफिसात जात नाही. मधे बोटभर लांबीचं इंटरनेटचं डोंगल आडवं आलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, अण्णा, मोबाईलचा हॉटस्पॉट लावा की! लावला असता. पण कंपनीचा लॅपटॉप परक्या वायफायला हात लावू देत नाही. सुरक्षिततेचा नियम आहे. कंपनीनं दिलेल्या डोंगलमधूनच जायचं. ते जात नाही, त्यामुळे सुरक्षितता शंभर टक्के पाळली जाते.

मग सुरू होते दुरुस्ती. डोंगलवाला सांगतो, लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे. लॅपटॉपवाला सांगतो, सिम बदला. सिमवाला सांगतो, डोंगल जुनं झालं, नवं घ्या. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत असतं: आपल्याकडे सगळं ठीक आहे. उरतो तो गिऱ्हाईक. त्यानं हेल्पलाइनला फोन लावायचा.

“सर, डोंगल काढून परत लावा.”

“लावलं.”

“लॅपटॉप बंद करून चालू करा.”

“केला.”

“धन्यवाद सर, तक्रार नोंदवली आहे. माहिती एसएमएसनं मिळेल.”

एसएमएस येतो, नाही असं नाही. तो डोंगलमधल्या सिमवर येतो! तक्रार सुटली हे वाचायला आधी तक्रार सुटावी लागते.

शेवटी गल्लीतला संगणकतज्ज्ञ गाठला जातो. तो डोंगलकडे बघतसुद्धा नाही. लॅपटॉप उघडतो आणि निकाल देतो, “फॉरमॅट मारावा लागेल.” हेल्पलाइनच्या देवाला नारळ चालतो, या देवाला अख्खी सी ड्राइव्ह लागते.

खरं तर बिचाऱ्या डोंगलची दुखणी चारच, आणि ती क्रमानं तपासता येतात. पहिलं, वीज. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात. रेंज कमी असली की डोंगल जास्त जोर लावून ओरडतं आणि जास्त वीज मागतं. ढिलं पोर्ट किंवा स्वस्तातला हब तिथंच मान टाकतो. दुसरं, ओळख. बरीच डोंगलं खोचल्याबरोबर आपण मोडेम आहोत हे सांगतच नाहीत. पोटात ड्रायव्हर ठेवलेली सीडी आहोत असं सांगतात, ड्रायव्हर बसला की मग मोडेम होतात. विंडोज बदललं आणि जुना ड्रायव्हर चालेना, की बदली होऊनही जुन्या खात्याची पाटी न उतरवणाऱ्या बाबूसारखं ते सीडीच राहतं. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतं, कामाला मिळत नाही.

तिसरं, टॉवर. कंत्राटदाराचं ऑफिस म्हणजे पत्र्याची केबिन. चारी बाजूंनी लोखंड, आत डोंगल, आणि वर तक्रार की रेंज नाही! चांगल्या प्रतीच्या छोट्या एक्स्टेन्शन वायरवर ते खिडकीबाहेर काढलं तर निम्मा आजार बरा. पण टॉवर दिसूनही उपयोग नसतो, जर डोंगल फक्त ३जीचं असेल. एअरटेलनं २०२० च्या सुमारास आपलं ३जी गुंडाळलं. जिओ २०१६ साली आलं तेच थेट ४जी घेऊन. अशा डोंगलमध्ये जिओचं सिम घालून बसलेला माणूस दिवा लुकलुकताना बघत निवृत्त होऊ शकतो.

चौथं, एपीएन, म्हणजे नेटवर्कच्या दाराचं नाव, आणि डायल करायचा नंबर. जीएसएमच्या डोंगलला *९९# लागतो, जुन्या सीडीएमएच्या डोंगलला #७७७ लागायचा. एपीएन प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि त्यात एक अक्षर चुकलं तर दिवा निळा असूनही पान उघडत नाही. ही दीड ओळीची माहिती खोक्यावर छापायला जागा नसते. खोक्यावर धावणारा चित्ता छापलेला असतो.

सरकारही मागे नाही. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. व्याख्या पुढे सरकली, तिच्या वेगानं केबिनमधलं पान काही सरकलं नाही. जुनं कनेक्शन मात्र जागच्या जागी ब्रॉडबँडमधून बाद झालं.

अण्णांनी अखेर डोंगल उपसलं, त्याच पोर्टात पेन ड्राइव्ह खोचला आणि अहवाल मुंबईला निघालेल्या सहकाऱ्याच्या खिशात घातला. विनावायर, विनाएपीएन. वरून दिवाही नाही.

तेव्हा डोंगल विकणाऱ्यांनो, चित्त्याला जरा बाजूला करा आणि खोक्यावर चार गोष्टी मराठीत, हिंदीत, गुजरातीत छापा: कुठल्या नेटवर्कवर चालतं, एपीएन काय, ड्रायव्हर कुठल्या विंडोजपर्यंतचा, कुठला दिवा म्हणजे काय. आणि वाचकहो, पोर्ट, ड्रायव्हर, टॉवर, एपीएन हे चार बघून होईपर्यंत कोणालाही तुमचा लॅपटॉप फॉरमॅट करू देऊ नका. डोंगल तरीही चालणार नाही कदाचित. पण लग्नाचे फोटो तरी वाचतील.