ब्रूनोचे डॉक्टर

मुलीसाठी स्थळ बघताना सात पिढ्यांची चौकशी करणारी आपली माणसं कुत्र्याचा डॉक्टर मात्र पार्किंग बघून ठरवतात. मग एसी, मग भिंतीवरचे रंगीत पंजे आणि शेवटी ‘डॉक्टर आमच्या ब्रूनोला बेटा म्हणतात’. बेटा म्हणण्याची फी बिलातच धरलेली असते, हे ब्रूनोला कोण सांगणार?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. नोंदणी नसलेल्याला पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येत नाही. पण नोंदणी क्रमांक विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. शॅम्पू विकणारा दुकानदारच ‘नाइन-इन-वन’ लस टोचतो, तेव्हा मात्र तो घरचा माणूस! लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. त्याच्या फ्रीजमध्ये ती थम्सअप आणि कालच्या डब्याच्या मधोमध असते.

आमच्या भागात एक डॉक्टर आहेत. खोली कळकट, पंखा कुरकुरतो. ते ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबतात, गुलाबी रंग किती वेळात परततो ते बघतात. कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधतात, शंका आली तर रक्त तपासायला लावतात. माणसांची आयब्रुफेन ब्रूनोला दिली म्हणून चारचौघांत झापतातही. त्या गोळीने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

सोसायटीचं एकमत आहे: माणूस हुशार, पण बोलायला फटकळ. शिवाय ब्रूनोचं वजन करून त्यांनी वहिनींनाच विचारलं, “पारले-जी कोण घालतं?”