सुरक्षित अंतर ठेवा

आमच्या भागात सज्जन माणसाच्या पिण्याबद्दल एक अलिखित नियम आहे. स्वतःच्या गावात पितो तो दारुडा आणि दुसऱ्याच्या गावात पितो तो प्रवासी. बाटली तीच, चकणा तोच, गप्पाही त्याच. फरक काय तो मधल्या किलोमीटरचा. त्यामुळे संध्याकाळ झाली की बार्शीचा माणूस ‘जरा येरमाळ्याकडं काम आहे’ म्हणून निघतो, येरमाळ्याचा माणूस ‘बार्शीला जाऊन येतो’ म्हणतो, आणि वाटेत गाड्या समोरासमोर आल्या की दोघेही डिपर मारून पुढे होतात. कोण होतं ते दोघांनाही कळलेलं असतं. विचारायचं नसतं.

या शास्त्राला येरमाळ्याइतकं सोयीचं ठिकाण नाही. सोलापूर–धुळे महामार्ग आणि बार्शी–कळंब रस्ता इथे एकमेकांना छेदतात. म्हणजे चारही दिशांनी येणारा माणूस इथे हक्काचा परगावचा. दक्षिणेला तुळजापुरात भवानी, इथे डोंगरावर तिची बहीण मानली जाणारी येडेश्वरी, म्हणजे आपली येडाई. चैत्रातल्या यात्रेत तिची पालखी आमराईत येते आणि लाखो माणसं रानात वाकून चुन्याचे खडे वेचतात. उत्तरेला तेरखेड्याची फटाक्यांची दुकानं, सरमकुंडी फाट्यावर खव्याचे पेढे. नवस, बारूद आणि गोडधोड अशी सगळी सोय एका रस्त्यावर असताना माणसाला मध्ये कुठेतरी बसावंसं वाटणारच.

आम्ही बीडचे. आम्हाला तर जिल्ह्याची हद्दच ओलांडायला मिळते, त्यामुळे आमचं प्रवासीपण अधिक पक्कं. आमची मंडळी ठरलेली: एक मास्तर, एक वकीलसाहेब, एक खत-बियाण्यांचे दुकानदार, मी, आणि गाडी चालवणारा. आम्ही कधीही ‘प्यायला’ निघत नाही. आम्ही तुळजापूरला दर्शनाला निघतो, येताना येडाईच्या पायऱ्या चढतो, आणि मग ‘आता उतरलोच आहोत तर’ या वाक्याने पुढचा कार्यक्रम सुरू होतो.

पण दर्शन घेऊन बारमध्ये बसायचं म्हणजे धर्मशास्त्राचे भलतेच बारीक प्रश्न उभे राहतात. प्रसादाची पिशवी कुठे ठेवायची? सीटवर नको, डिकीत ठेवा. पण डिकीत स्टेपनी आहे, आणि प्रसाद टायरला टेकवणं बरं नव्हे. कपाळावरचं कुंकू पुसायचं का? पुसलं तर देवीचा अपमान, नाही पुसलं तर देवीला साक्षीला बसवल्यासारखं. वकीलसाहेबांनी यावर निकाल दिला तो असा, की मुद्दाम पुसायचं नाही, पण घामाने गेलं तर त्याला आपला इलाज नाही. खुर्चीचा पेच आणखी अवघड. देवीच्या डोंगराकडे पाठ करायची नाही आणि प्यायलेलं तोंडही तिला दाखवायचं नाही. म्हणून आम्ही सगळे एका अंगावर कलून, लग्नात फोटोला उभे राहतात तसे तिरपे बसतो. वेटर नवा असेल तर विचारतो, ‘साहेब, मान अवघडली का?’

देव आणि दारू यांच्यामधलं अंतर हा काही आमचा एकट्याचा छंद नाही. सरकारही देवळापासून आणि शाळेपासून मीटर मोजूनच परवाना देतं. पण मोजपट्टीला खरे चांगले दिवस आले ते 15 डिसेंबर 2016 रोजी. दारू पिऊन गाडी चालवल्याने होणारे अपघात पाहून सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. तो लागू व्हायच्या आदल्याच दिवशी, 31 मार्च 2017 ला, वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या ठिकाणांसाठी हे अंतर 220 मीटर करण्यात आलं. लहान गावातला माणूस कमी चालतो, असा त्यामागे विचार नसावा. पण अर्थ निघाला तसाच.

मग देशभर जी प्रतिभा फुलली तिला तोड नाही. केरळात उत्तर परवूरच्या एका बारमालकाने इमारत हलवली नाही, मागे सरकवली नाही; नुसती पुढच्या मोकळ्या जागेत भिंती घालून नागमोडी वाट तयार केली. रस्त्यावरून बार समोर दिसतो, पण दारापर्यंत पोचायला चक्रव्यूह पार करावा लागतो. अभिमन्यूला आत शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं. इथल्या गिऱ्हाइकाचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक. चंडीगडने याहून सोपा मार्ग काढला. बार जागेवर, रस्ताही जागेवर. शहरातून जाणाऱ्या महामार्गांचा फक्त दर्जा बदलून त्यांना जिल्हा मार्ग करून टाकलं. वकीलसाहेब हा किस्सा सांगताना ग्लास खाली ठेवतात आणि हात जोडतात.

आपल्याकडचा मूळ कायदा त्याहून मजेशीर. 1949 चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. महाराष्ट्रात दारू मिळते ती बंदी उठली म्हणून नव्हे, तर बंदीतून तुम्हाला वैयक्तिक सूट मिळाली म्हणून. तिचं नाव परमिट. एक दिवसाचं विदेशी दारूचं परमिट पाच रुपयांचं, देशीचं दोन रुपयांचं, आणि ज्याला स्वतःबद्दल खात्री आहे त्याला एक हजार रुपयांत तहहयात. बिअरला वय एकवीस लागतं, कडक दारूला पंचवीस. आणि हे परमिट द्यायचं कशासाठी? तर आरोग्य राखण्यासाठी. आमच्या टेबलावरचे मास्तर गेली कित्येक वर्षं किती जिद्दीने आरोग्य राखत आहेत, हे त्यांच्या डॉक्टरांना एकदा समजावून सांगितलं पाहिजे.

येरमाळ्याच्या आसपासची परमिट रूम बाहेरून ओळखावी लागते. 2022 पासून मद्य मिळणाऱ्या जागांना थोर पुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. साहजिकच झाडं, सावल्या, चांदणं आणि निसर्ग यांच्यावर सगळा भार आला आहे. आत शिरलं की आधी ‘फॅमिली’, मग प्लायवूडची भिंत, तिच्यावर प्लॅस्टिकची द्राक्षं, आणि पलीकडे आपण. फॅमिलीत बसलेल्या वहिनींना पलीकडचे भावजी दिसू नयेत म्हणून ही भिंत. पण ती छताला भिडत नाही, आणि भावजींचा आवाज तर छताच्याही वर जातो.

बिअर द्यायची इथली रीत पाहण्यासारखी आहे. वेटर बाटली थेट टेबलावर ठेवत नाही. आधी ती तुमच्यापुढे धरतो. तुम्ही तळवा लावायचा, दोन क्षण डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, ‘अजून जरा गार बघ.’ तो आत जाऊन तीच बाटली परत आणतो. तुम्ही पुन्हा हात लावता आणि समाधानाने मान हलवता. मग टोपण उडतं. ग्लास तिरका धरून तो हळूहळू ओततो, फेस काठाशी येऊन थबकतो आणि सांडत नाही. धारेवरची नजर त्या वेळी कुणीही हलवत नाही. तेवढ्यात उकडलेले शेंगदाणे, त्यावर कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि मीठ-मिरची लावलेली काकडी येते. हे सगळं फुकट असतं म्हणून आम्ही ते तीनदा मागवतो.

कॉकटेलचा प्रसंग मास्तरांनी ओढवला. गोव्याला जाऊन आल्यापासून त्यांना साधं काही चालत नाही. तिथे उन्हाळ्यात उर्राक या काजूच्या दारूत लिंबू, मीठ, सोडा आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात, आणि काजूच्या फेणीला तर 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, हे ते आम्हाला प्रत्येक वळणावर सांगतात. मेनूकार्डाची मागची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. मास्तरांनी ती नखाने सोडवली आणि आत कॉकटेलची यादी सापडली. पानं इतकी कोरी करकरीत होती, की त्यांना हात लावणारे पहिले मानव आम्हीच असणार.

‘ब्लडी मेरी द्या,’ मास्तर म्हणाले.

वेटरने शांतपणे लिहून घेतलं, आत गेला, परत आला. ‘साहेब, त्यात काय काय असतं?’

‘व्होडका, टोमॅटोचा रस, थोडं तिखट, मीठ, लिंबू.’

‘मग आधी सांगायचं ना साहेब. होऊन जाईल.’

झालं ते असं. आचाऱ्याने घरी करतात तसं टोमॅटोचं सार केलं, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, आणि ‘थोडं तिखट’ म्हणजे काय याचा मराठवाड्यात जो अर्थ आहे त्याप्रमाणे वरून येसूर मसाला घातला. मग त्यात व्होडका. उंच काचेच्या ग्लासात तर्री वर आणि मेरी खाली, मध्ये एक कढीपत्त्याचं पान. मास्तरांनी घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, कपाळावरचं कुंकू घामाने वाहून गेलं आणि वकीलसाहेबांचा निकाल अमलात आला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, ‘भाकरी मिळेल का?’

दुसरा ग्लास त्यांनी कुस्करून खाल्ला. गोव्याचं नाव त्यानंतर निघालेलं नाही.

या सगळ्यात सर्वांत भयंकर माणूस म्हणजे गाडी चालवणारा. तो लिंबू-सोडा पितो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच खेपेला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे त्याला पाठ आहे, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. पण रात्री साडेदहाला कोण काय बोललं, कुणी कुणाच्या बायकोच्या भावाबद्दल काय मत दिलं, हे सकाळी फक्त त्यालाच आठवतं. महामार्गापासून 220 मीटर दूर राहणं सोपं. या माणसापासून किती लांब राहावं हे कुठल्याच कायद्यात नाही.

अंतराचा सर्वांत कडक हिशेब मात्र बायकांचा. गावातलं दुकान बंद करायचं की नाही यावर महाराष्ट्रात महिलांचं मतदान घेता येतं. चिन्हं दोनच: दुकान चालू राहावं तर उभी बाटली, बंद व्हावं तर आडवी. मतदारयादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीला मत दिलं तर दुकान जातं. मताला न आलेली प्रत्येक बाई उभीच्या पारड्यात पडते. म्हणून या बायका घरोघर जाऊन एकेकीला बाहेर काढतात. त्यांना न्यायालयाचं मीटर कळो न कळो, दुकानापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची वाट नवऱ्याला रात्री किती वेळात चालता येते आणि त्यात हप्त्याचे किती पैसे गळतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलेलं असतं. आमच्या टेबलावर हा विषय निघाला की सगळे अचानक शेंगदाणे सोलायला लागतात.

परतताना सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबतेच. दर्शनाचा पुरावा म्हणून पेढे न्यावे लागतात, आणि त्या वेळी हात जरा सैल असतो. दुकानदाराने ‘किती देऊ?’ विचारलं की प्रत्येक जण आपापल्या मनातला अपराध तराजूत टाकतो. घरी मी पेटी पुढे केली की ही काही विचारत नाही. नाकाने वासही घेत नाही. नुसती हातात तोलून बघते आणि सांगते, ‘पाव किलो असते तर नुसतं दर्शन झालं असतं. हे दोन किलो आहेत. जेवण झालेलं दिसतंय तुमचं.’